गावी न्यायची अट

सावंगीला माझ्या घरात भाड्याच्या तीन खोल्या आहेत. दोन वर, एक खाली. खालची दहा बाय अकराची, तिला लागून ओटा असलेलं छोटं स्वयंपाकघर आणि मागे संडास-बाथरूम. फाटकातून आत आलं की एकही पायरी न चढता या खोलीत जाता येतं, आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचं मोठं फाटक तिथून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. त्यामुळे वरच्या खोल्या शिकणाऱ्या मुलांना जातात आणि खालची पेशंटला. वरच्या दोन खोल्यांचं भाडं घराच्या कर्जाच्या हप्त्याला लागतं. खालच्या खोलीच्या भाड्यातून घराचा टॅक्स, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती आणि दर दोन वर्षांनी रंग, एवढं निघतं. यात इकडचं तिकडे झालं तर मला पगारातून भरावं लागतं, आणि पगाराला दुसऱ्या वाटा आहेतच.

मी एका सरकारी ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर आहे. ऑफिसातल्या कुणी दवाखान्याच्या बाजूला प्लॉट घेतला की तो माझ्याकडे येतो. भाडेकरू कसा पाहायचा, करार किती महिन्यांचा करायचा, लाइटचं बिल कसं वाटायचं, ठाण्यात माहिती द्यावी लागते का. मी सगळं सांगतो. अटी फाटकात उभं राहून, सामान उतरायच्या आधी सांगाव्या, हेही सांगतो. सामान आत आल्यावर सांगायला गेलं की भांडण होतं.

आमच्या गल्लीत एक अट अशी आहे की ती करारात कुणी लिहीत नाही आणि सांगायला कुणी विसरत नाही. पेशंटचं जास्त झालं तर त्याला दवाखान्यात भरती करायचं, नाही तर गावी न्यायचं. खोलीत काही व्हायला नको. यात घरमालकांचा दुष्टपणा आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही पूर्ण वाटत नाही. खालच्या खोल्या घेतात ते पेशंटचे लोक, आणि ज्या खोलीत कुणी गेलं तिला सगळ्यात जास्त तेच भितात. मागच्या गल्लीतल्या एकाची खोली अशीच एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत कुलपात राहिली. शेवटी त्यानं ती एका मेसवाल्याला सिलिंडर आणि आलू-कांदे ठेवायला दिली.

काका-काकू आमच्याकडे आले ते पोळा झाल्यावर. रोहण्याचे. काका साठीच्या आसपास, उंच, खांदे थोडे पुढे आलेले. काकू बारीक, पायावर सूज. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागायचं, आणि रोहण्याहून पुलगाव, पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून सावंगी असं करण्यात तिचा जीव निघायचा. म्हणून काकांनी शेत मक्त्यानं दिलं आणि खोली पाहायला आले. आम्ही त्यांना काका-काकू म्हणायला लागलो. वयात दहा वर्षांचंही अंतर नव्हतं, पण आजारी माणूस मोठा वाटतो.

फाटकात मी अटी सांगितल्या. काका प्रत्येक अटीला मान हलवत होते. शेवटची अट मी जरा खालच्या आवाजात सांगितली, कारण काकू तिथंच ऑटोत बसलेली होती. तिला ऐकू गेलंच.

"मंग मले काय इथं गाडायची जागा पाहाले आनलं का?" ती ऑटोतून म्हणाली. "सांगा त्याईले, भेव नका. मी नेमकी बस पकडून जाईन."

काका हसले नाहीत. मला म्हणाले, "साहेब, जबान देली. तुमच्या घराले काही लागू देनार नाई."

माझ्या बायकोला मात्र हसू आलं. ती पुढे झाली आणि काकूला हात देऊन उतरवू लागली. काकूनं डावा हात मागे घेतला आणि उजवा दिला. डाव्या हाताच्या शिरेला मशीनची जागा केलेली होती. तो हात कुणी धरायचा नाही, त्यावर ओझं घ्यायचं नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पहिल्याच आठवड्यात काकूनं वर्ध्याच्या बाजारातून डबे आणवले. एका मापाचे स्टीलचे सात, त्याहून लहान पाच. शेगडी नवी, पोळपाट नवा. काकांनी सगळं आणलं, पण माझ्या बायकोजवळ कुरकुर केली. "घरी एवढं पडलं हाये ताई. ही म्हनते, तिकडचा चमचाबी आनू नका."

कारण पुढे बायकोला कळलं. रोहण्याला घर मोठं, पण चूल एक. काकू लग्न होऊन गेली तेव्हा सासू होती, सासू गेल्यावर जेठानी, म्हणजे थोरली जाऊ. भाजीत तिखट किती, पाहुण्याला चहा द्यायचा की सरबत, डाळ कोणत्या डब्यातली काढायची, हे सगळं दुसरं कुणी ठरवायचं. कुणी छळलं असं नाही. काकूनंही कधी तसं म्हटलं नाही. पण लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक केला. मूलबाळ नाही, त्यामुळे वेगळं निघायचं कारणही कधी आलं नाही.

"ताई," ती बायकोला म्हणाली, "बिमारीनं मले घर देलं पाहा."

आणि या खोलीत शिजवायची ते तिला स्वतःला खाता येत नव्हतं. मीठ नाही, टमाटर नाही, केळं नाही, पालेभाजी उकळून पाणी फेकलेली. पाणीसुद्धा मापून. उन्हाळ्यात ती पेला भरून घ्यायची, त्यातला एक घोट तोंडात खेळवायची आणि उरलेलं पाणी तुळशीला घालायची. पण काकांसाठी पाटवडी करायची, मसाल्याचा रस्सा करायची, वरच्या मुलांना वाटी पाठवायची. चव पाहायला माझ्या बायकोला बोलवायची. "मीठ पाहून दे व," म्हणायची, "माही जीभ आता सरकारजमा झाली."

दुसऱ्या वर्षी करार नवा करायला मी कागद घेऊन खाली गेलो. काका चष्मा शोधत होते. काकू पाटावर बसून मुगवड्यांची डाळ निवडत होती. तिनं निवडता निवडताच म्हटलं, "साहेब, त्याच्यात लिवा, का या बाईले इथून हालवू नका. मले आता रोहन्याले जाचं नाई. जाचं तं इथूनच."

"असं बोलत नसतात, काकू," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अशी गोष्ट करारात कोणत्या कलमात बसते, हे मला माहीत नव्हतं. काकांनी सही केली. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

दिवाळीनंतर तिचं बिघडत गेलं. मशीनवर घेतलं की बीपी खाली जायचं, मध्येच काढावं लागायचं. एकदा आठ दिवस भरती राहिली. मग डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता हृदय साथ देत नाही, मशीन तिला झेपत नाही. ठेवून घेतलं तर नळ्यांत ठेवावं लागेल, तिला त्रास होईल. घरी न्या.

काकांनी तिला आमच्या खालच्या खोलीत आणलं. संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"घरी न्या म्हनते डॉक्टर," ते म्हणाले. "दोन-चार दिवसांत पाहातो गाडी."

ते गेल्यावर बायको मला म्हणाली, "तिचं घर हेच आहे."

मी दार लावून घेतलं.

"तुम्ही काय हिशेब करून राहिले ते मले समजते," ती म्हणाली. आमच्याकडे ती एरवी बऱ्यापैकी पुस्तकी बोलते, रागावली की माहेरचं निघतं. "एक साल रिकामी राहीन खोली. राहू द्या. मी शिवणाचं काम वाढवतो. पण त्या बाईले गाडीत घालून पाठवू नका."

हिशेब मी करत होतो हे खरं. टॅक्स, मोटार, रंग. रंग एक वर्ष पुढे ढकलता येत होता. मोटार चालू होती. टॅक्स पगारातून जाईल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या सगळं नीट बसलं. जेवणाच्या डब्याच्या वेळी आमच्या घरासमोरच्या घरमालकाला फोन केला, कारण त्याच्या बारा खोल्या आहेत आणि गल्लीत काही वेगळं करायचं तर त्याच्या कानावर घातलेलं बरं.

"काऊन भाऊ, धर्मशाळा खोलली का?" तो म्हणाला. "मानूस चांगला हाये तो, मले मालूम हाये. पण तुम्ही आज त्याले हो म्हनान, उद्या माह्या बारा खोल्यांतले बारा लोक माह्याकडे येतीन. मंग म्या काय करू?"

"तू नाही म्हण," मी म्हणालो.

"वा बाप्पा. तुमी देवमानूस अन् मी राक्षस." पण मग म्हणाला, "करा तुमाले करायचं ते. खोली तुमची हाये."

त्या संध्याकाळी काका अंगणातल्या नळावर बादली भरत होते. मी जवळ जाऊन सरळ सांगितलं. ती अट मी काढून टाकली आहे, काकूला इथंच राहू द्या. माझ्या मनात काही नाही, घरातल्यांच्याही नाही.

बादली भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मीच केला.

"बरं साहेब," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. बायकोलाही सांगितलं. तिनं रात्री खाली जाऊन काकूच्या उशाशी बसून तिला सांगितलं. काकूनं डोळे उघडले नाहीत, पण बायकोचा हात धरला, आणि तोही डाव्या हातानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला ऑफिसात बायकोचा फोन आला. खाली गाडी आली आहे, काका काकूला घेऊन चालले आहेत, तुम्ही बोला. मी काकांना फोन द्यायला सांगितलं. तिकडे माणसांचे आवाज येत होते, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. फोन काकांपर्यंत गेला की नाही कळलं नाही. मग पुन्हा बायकोच आली. म्हणाली, गेले.

नंतर तिनं सांगितलं ते असं. काकांचे मोठे भाऊ गाडी घेऊन आले होते, सोबत पुतण्या. बायकोनं अडवलं. काका म्हणाले, ताई, तुमचे उपकार हायेत, पन आता नका बोलू. काकूला चादरीत धरून बाहेर काढलं. ती शुद्धीवर होती. फाटकात आल्यावर तिनं तोंड वळवून दाराकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाली, "गॅस बंद केला का, पाहून घेजो व." एवढंच. बायको आत गेली, तर सिलिंडरचं बटन बंदच होतं. ती बाहेर येईपर्यंत गाडी वळणावर होती.

काकांचा फोन अंधार पडल्यावर आला. पुलगाव सोडलं, विरूळ मागे पडलं, आणि रोहणा यायच्या आधीच काकू गेली. त्यांनी हे शांतपणे सांगितलं. पोहोचल्यावर कळवतो म्हणालो होतो, म्हणून केला, असंही म्हणाले. असं ते कधी म्हणाले होते ते मला आठवत नाही.

सकाळी आम्ही दोघं मोटारसायकलनं निघालो. रस्त्याला कापसाच्या गाड्या लागत होत्या. मी रोहण्याचं ते घर पहिल्यांदा पाहिलं. खरंच मोठं होतं. दगडी जोतं, समोर लांब ओसरी, अंगणात पन्नास माणसं बसतील एवढी जागा. काकू अंगणात होती. खाली गवत, त्यावर चादर, उशाशी कणकेचा दिवा. दिव्याला वारा लागू नये म्हणून पत्र्याचा डबा आडवा ठेवला होता. रात्रभर ती तिथंच होती. थंडीचे दिवस होते. काका तिच्या पायाशी घोंगडी घेऊन बसले होते.

बायकोनं शेजारच्या एका बाईला हळूच विचारलं, "आत नाही घेतलं?"

"वाटेत सरली ना बाई," ती म्हणाली. "बाहेर सरलेलं मानूस घरात नेत नाईत आमच्याकडे. येशीतूनच वळवत होते मसनाकडे. मोठ्या भावानं म्हटलं, आंगनात येऊ द्या, म्हून आनलं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीकडे पाहत होतो. दार उघडं होतं, आत दिवा लागलेला होता, कुणी तरी चहाचं आधण ठेवलं होतं.

तेरवी झाल्यावर काका खोली रिकामी करायला आले. एकटेच. सकाळी आले आणि दुपारपर्यंत त्यांनी खोली धुतली. खिडकीच्या जाळ्या पुसल्या, ओट्यावरचे तेलाचे डाग घासले. कॅलेंडरचा एक खिळा मी त्यांना मारू दिला होता, तो काढून तिथं पांढरं सिमेंट भरलं. मी रविवार म्हणून घरी होतो. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

मग आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बसलो. बायकोनं चहा दिला. मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, काका. इथंच राहू द्या म्हणून."

"सांगतलं होतं."

"मग?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "साहेब, ते तुमचं मोठेपन होतं. तुमी तसंच बोलान, मले पयलेच वाटलं होतं. पन म्हून मी त्याचा फायदा घ्यावा का? जबान म्या देलती. समोरचे घरमालक सांगत होते, अशा खोलीले मंग सालभर कोनी लागत नाई. तुमचा हप्ता हाये."

"हप्ता वरच्या खोल्यांतून जातो," मी म्हणालो. त्या वेळी हे वाक्य बोलण्यात काही अर्थ नव्हता. तरी बोललो.

"हो का," ते म्हणाले. "मले नव्हतं मालूम." मग म्हणाले, "भाऊ फोनवर म्हने, घर असून भाड्याच्या खोलीत मरते का मानूस? लोकं काय म्हनतीन? मले वाटलं, दोनी गोष्टी होतीन. तुमचंबी राहीन अन् तिलेबी सोताच्या घरी नेल्यासारखं होईन."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, ती तिथं जायचं नाही म्हणत होती."

"मले मालूम होतं ताई," काका म्हणाले. "बहुत दिवसांपासून मालूम होतं."



खरं सांगायचं तर मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलेला शब्द पाळला असता, आणि ज्याला शब्द दिला त्यानं त्यातून सोडलं तरी तो भिडेखातर बोलतो आहे असंच धरलं असतं. आम्ही दोघं एकाच पद्धतीची माणसं. दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून आधी बघायचं, मागून आपलं. यात काकूचं कुणीच पाहिलं नाही, कारण ती दोघांनाही आपली वाटत होती.

डब्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. शेगडी, पोळपाट, एका मापाचे सात डबे आणि पाच लहान. बायको म्हणाली, घेऊन जा, तिच्या हातचे आहेत.

"कुठं ठेवू?" काका म्हणाले. "तिथं वहिनीची मांडनी भरली हाये."

त्यांनी ते सगळं गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका पेशंटच्या बायकोला दिलं. ती कारंज्याकडची होती आणि तीन विटांवर भात शिजवत होती. तिनं डबे मोजून घेतले आणि विचारलं, परत कधी द्यायचे. काका म्हणाले, देऊ नको. चावी त्यांनी माझ्या हातात दिली, बायकोला नमस्कार केला आणि चालत बस स्टॉपकडे गेले. त्यानंतर दोनदा फोन आला. एकदा संक्रांतीला, एकदा मक्त्याच्या कागदाविषयी काही विचारायला. आता येत नाही. मी करतो तर उचलत नाहीत.

खोली मी तीन महिने कुणाला दाखवली नाही. दाखवायला अडचण नव्हती, मन होत नव्हतं. बायको अधूनमधून जाऊन झाडून यायची. मग उन्हाळ्यात हिंगणघाटकडचा एक माणूस आला. बापाचं मोठं ऑपरेशन झालेलं, पायऱ्या चढता येत नाहीत, दवाखाना जवळ पाहिजे. खोली त्याला आवडली. अटी मी सांगितल्या. लाइट, पाणी, ठाण्यातला कागद, पाच तारखेच्या आत भाडं. तेवढ्यावर थांबलो. त्यानं फाटकाबाहेर बापाला बसवून ठेवलेल्या ऑटोकडे एकदा पाहिलं आणि आवाज कमी करून विचारलं, "साहेब, एक विचारू? राग नका मानू. या खोलीत कुणी गेलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"नक्की. इथं कुणी गेलेलं नाही."

त्याचा चेहरा मोकळा झाला. तो बापाला उतरवून घ्यायला गेला. बायको मागे उभी होती, तिच्या हातात खोलीची चावी होती. तिनं ती मला दिली नाही. स्वतःच पुढे जाऊन कुलूप उघडलं, दार ढकललं आणि त्या माणसांना आत घेऊन गेली.